पोरं मराठीतच उत्तर देतात, बाई!

मागच्या अंकात विचारलं होतं, की तुमच्या घरात कोणती बोली आहे आणि ती खालच्या पिढीत उतरतेय का. उत्तरं भरपूर आली. ‘आमची बोली किती गोड’ एवढंच सांगणारी बाजूला ठेवली. गोडव्यावर माझा वाद नाही. ज्यांचं काहीतरी अडलंय अशी चार पत्रं इथे घेतेय. नावं छापत नाही, गावं छापते. पत्रं थोडी कापली आहेत, राग मानू नये.

बाई, नमस्कार. माझं माहेर आणि सासर दोन्ही कोर्लई. नोकरीमुळे आता अलिबागला राहतो. थोरली नऊ वर्षांची, धाकटा चार. मी, नवरा आणि सासूबाई आपसात नो लिंग बोलतो. मुलांना सगळं कळतं, पण उत्तर मराठीतच येतं. गावातली तरुण मुलं शब्दकोश छापणार आहेत, वर्षातून एकदा भाषेचा कार्यक्रमही करायचा म्हणतात. वर्गणी मागितलीय. द्यावी का? आणि घरात आम्ही काय करावं? – अलिबाग

ताई, वर्गणी द्या. पोरं हौसेने काही करताहेत, त्यांचा हिरमोड करू नका. पण शब्दकोश निघाला म्हणजे भाषा वाचली, असं व्यासपीठावरून कुणी म्हणालं तर टाळ्या मात्र वाजवू नका.

इतर वाचकांसाठी चार ओळी सांगते. रेवदंड्याहून कुंडलिका ओलांडली की कोर्लईचा डोंगर लागतो, वर किल्ला. खालच्या ख्रिस्ती वस्तीत एक भाषा बोलतात, जिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज आणि चाल मराठी: क्रियापद आपल्यासारखं वाक्याच्या शेवटी येतं. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर. १७४० मध्ये चौलचा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज अंमल गेला, आणि भाषा मात्र राहिली.

आता तुम्हीच सांगा, एवढी वर्षं ती राहिली कशाच्या जोरावर? शाळा तिच्यात नव्हती. रेवदंड्याचा बाजार तिच्यात नव्हता. व्हॅटिकनच्या १९६२-६५च्या धर्मपरिषदेनंतर जगभर चर्चमधली प्रार्थना लोकांच्या भाषेत आली, तेव्हा कोर्लईत लोकांची भाषा म्हणून मराठीच आली. छापील शब्दकोश तर आजही नाही, म्हणून तर वर्गणी मागताहेत. ती राहिली दोन गोष्टींमुळे. पोर जन्मलं की त्याच्या कानावर पहिली तीच पडायची, आणि शेजारच्या पोरांत खेळायचं तर तीच यावी लागायची. तुम्ही अलिबागला आलात आणि दुसरी गोष्ट सुटली. पहिली अजून घरात आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य काढलं. वर्गात मुलं कोणती भाषा बोलतात यावरून काहीच कळत नाही, वर्गात ती बाईंची भाषा बोलतात. मधल्या सुट्टीत बघायचं. पकडापकडीत राज्य कुणावर, यावरून भांडण कोणत्या भाषेत होतंय? भांडण ज्या भाषेत, ती जिवंत. तुमच्या थोरलीला नो लिंगमध्ये भांडायला अलिबागेत कुणी आहे का? भाऊ आहे, पण तोही मराठीत भांडत असणार.

म्हणून आधी घरातलं. मुलगा मराठीत उत्तर देतो म्हणून रागावू नका आणि स्वतः मराठीवर येऊ नका. त्याने मराठीत पाणी मागितलं की तेच वाक्य नो लिंगमध्ये सहज म्हणा आणि पाणी द्या. ‘आधी आपल्या भाषेत माग, मग देते’ हे करू नका. तहानलेल्या पोराची परीक्षा घेतली की त्याला भाषेचाच कंटाळा येतो. सासूबाईंना सांगा, धाकट्याशी मराठीचा एक शब्द बोलायचा नाही. ‘शाळेत मागे पडेल’ म्हणून तुम्हीच त्यांना थांबवत असाल, बऱ्याच घरांत सुना थांबवतात, तर ते आधी बंद करा. चार वर्षांच्या मुलाला दोन भाषांचं ओझं होत नाही. मराठी त्याला शाळा, शेजार आणि टीव्ही मिळून शिकवतील, त्यात तुमची मदत लागणार नाही.

मग बाहेरचं. अलिबागेत कोर्लईची आणखी चार घरं तुम्हाला माहीत असतीलच. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलं एका घरात जमवा, कुणाची तरी आजी तिथे असू दे, आणि त्या वेळात मोठ्यांपैकी कुणीही मराठी बोलायचं नाही. शिकवायचं काही नाही. खाऊ करायचा, पत्ते खेळायचे, मासे साफ करायचे.

हे मी मनाने सांगत नाही. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांची स्थिती तुमच्याहून वाईट होती: आजी-आजोबांना भाषा येत होती, आईबापांना येत नव्हती. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ त्यांनी पहिली ‘कोहांगा रेओ’ काढली. भाषेचं घरटं असा त्याचा अर्थ. शाळेच्या वयाआधीची पोरं दिवसभर म्हाताऱ्या माणसांच्या हवाली, आणि आत फक्त माओरी. तीन-चार वर्षांत अशी शेकडो घरटी उभी राहिली. माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ मध्ये, म्हणजे नंतर. हवाई बेटांवर पहिलं घरटं १९८४चं. तेव्हा तिथल्या सरकारी शाळांत हवाईयन माध्यमावर जुन्या कायद्याने बंदीच होती, ती १९८६ मध्ये पालकांनी उठवायला लावली. त्यांच्या घरट्यात मूल घालायचं तर आईबापांना तिथे काम करावं लागे आणि स्वतः भाषेच्या वर्गाला बसावं लागे. मला ही अट फार आवडते. आपल्याकडे मुलाला क्लास लावला की आईबापांचं कर्तव्य संपतं.

आणि एक उदाहरण तुमच्याच मापाचं. उत्तर फिनलंडमधले इनारी सामी. बोलणारे साडेतीनशेच्या आसपास, कोर्लईहून कमी. त्यांनी १९८६ मध्ये मंडळ काढलं, १९९७ मध्ये घरटं. मग लक्षात आलं की पोरं बोलायला लागली, पण त्यांना शाळेत पुढे शिकवणार कोण? मधली पिढीच भाषा विसरलेली. शेवटी २००९-१० मध्ये १७ मोठ्या माणसांना वर्षभर बसवून भाषा शिकवली, काही वर्गात, काही म्हाताऱ्यांबरोबर रोजची कामं करत. त्यांनी वर्ष खर्चून जे मिळवलं ते तुम्ही आणि तुमचे यजमान रात्री जेवताना फुकट बोलता.

जोशुआ फिशमन नावाच्या अभ्यासकाने १९९१ मध्ये मागे पडलेली भाषा परत आणण्याच्या आठ पायऱ्या मांडल्या. वर सरकार, विद्यापीठं, वर्तमानपत्रं. त्यांच्या बऱ्याच खाली घर आणि शेजार. घर-शेजाराची पायरी धरल्याशिवाय वरच्या पायऱ्यांवर पैसे घालू नका, असा त्याचा इशारा होता. आपली मंडळं बरोबर उलटं करतात. आधी मेळावा, मग स्मरणिका, मग मंत्र्यांना निवेदन.

शब्दकोश म्हणजे सुकी मासळी आहे. पावसाळ्यात जीव तारते, पण तिने समुद्रात मासे वाढत नाहीत. तुमच्या गावच्या मुलांना माझा निरोप द्या: शब्दकोश जरूर करा, पण वर्गणीतले निम्मे पैसे मे महिन्यासाठी ठेवा. मुंबई-ठाण्याची सगळी नातवंडं तेव्हा गावात असतात. महिनाभर रोज सकाळी कुणाच्या तरी पडवीत त्यांना जमवा. शब्द गोळा करायचं काम याच पोरांना द्या, म्हाताऱ्यांना विचारत हिंडू दे. कोश थोडा कच्चा निघेल. निघू दे.

आम्ही वसईचे, घरी कादोडी बोली. काही वर्षांपूर्वी एका संस्थेतली माणसं येऊन आजीची लग्नातली गाणी रेकॉर्ड करून घेऊन गेली. आजी आता नाही. आम्ही प्रत मागितली तर ‘संग्रहात जमा आहे’ एवढंच उत्तर येतं. आता दुसरे एक संशोधक आईकडे येऊ म्हणताहेत. आई हो म्हणतेय, माझं मन होत नाही. – वसई

तुमचा राग रास्त आहे. असा अनुभव लिहिणारं हे या वर्षातलं एकमेव पत्र नाही. संस्थेचं नाव तुम्ही लिहिलंय, मी छापत नाही. पण लेखी अर्ज करून प्रत मागा, आणि ‘आमच्या आजीचा आवाज’ असंच त्यात लिहा. विनंतीच्या सुरात लिहायची गरज नाही.

नव्या माणसाला हो म्हणा, पण अटी आईच्या. येणाऱ्याने त्या मराठीत लिहून, सही करून द्यायच्या. रेकॉर्डिंग झालं की त्याच दिवशी, घराबाहेर पडण्याआधी, पूर्ण प्रत तुमच्या पेन ड्राइव्हवर. कुठे वाजवायचं, कुठे नाही, हे आधी ठरवायचं. हळदीच्या रात्री बायकांनी बायकांत म्हणायची गाणी यूट्यूबवर जायला हवीत असं कुठे लिहिलंय? आईचं नाव द्यायचं की नाही, ते आई सांगेल. उद्या तिचं मन बदललं तर काढून टाकायचं. कॅनडातल्या मूळनिवासी समाजांनी १९९८च्या सुमाराला याचं सूत्रच करून टाकलं: मालकी आमची, ताबा आमचा, कुणी बघायचं ते आम्ही ठरवणार, आणि वस्तू आमच्या हाती राहणार. त्या आधी त्यांच्याकडूनही लोक वर्षानुवर्षं नेतच होते. खरा संशोधक या अटींना बिचकत नाही. जो बिचकला त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि दुसऱ्याची वाट कशाला बघता? तुमच्या हातातला फोन पुरतो. एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन आईच्या तोंडापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा. खिडकी लावून घ्या, वारा आवाज खातो. सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय ते बोलून ठेवा, नाहीतर दहा वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही. तीन प्रती, तीन घरांत.

फक्त गाणी घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. सगळे गाण्यांच्या मागे असतात, कारण ती ऐकायला छान. उद्या तुमच्या मुलीला कादोडी शिकायची असेल तर गाण्यांतून तिला ‘उठ, उशीर झाला’ म्हणता येणार नाही. आई आणि मावशी केळीच्या भावावरून कशा बोलतात ते घ्या. कुणाची तरी तक्रार करताना घ्या. नातवाला ओरडताना घ्या.

वर शब्दकोशाबद्दल मी जरा जोरात बोलले, त्यावरून नोंदींचा उपयोग नाही असं कुणी समजू नये. अमेरिकेतल्या मायामिया लोकांची भाषा बोलणारं १९६०च्या दशकानंतर कुणी उरलं नव्हतं. १९९०च्या दशकात डॅरिल बाल्डविन यांनी जुन्या मिशनऱ्यांच्या वह्यांतून ती शिकून घेतली आणि घरात पोरांशी बोलायला सुरुवात केली. वह्या नसत्या तर काहीच नसतं. उलट बाजू अंदमानची: २०१० साली ‘बो’ भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सीनियर, गेल्या. त्यांच्या आवाजाच्या नोंदी आहेत. पण अखेरच्या वर्षांत त्यांच्याशी त्या भाषेत बोलणारं जवळ कुणी नव्हतं. तुमची आई आणि मावशी रोज फोनवर बोलतात ना? मग त्यात आपलंही तोंड घाला.

मालवणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, घालावं म्हणून निवेदनावर सह्या गोळा होताहेत. सही करू का? मालवणी मुळात भाषा की बोली? – कुडाळ

करा हवी तर. कोकणी १९९२ मध्ये ७१व्या घटनादुरुस्तीने अनुसूचीत आली, आणि जनगणनेत मालवणी कोकणीच्या खाली मोजली जाते. यावर सिंधुदुर्गात दोन चहा होईपर्यंत वाद घालणारे आणि नंतर जेवायला एकत्र बसणारे लोक मला माहीत आहेत. भाषा की बोली, याचं उत्तर भाषाशास्त्रापेक्षा राजकारणात जास्त मिळतं. मला त्यात रस नाही.

सहीपेक्षा उपयोगी काम सांगते. २०२७ची जनगणना आहे. मातृभाषेच्या प्रश्नाला घरात जी बोलता तिचं नाव सांगा. तुम्ही सांगाल तेच लिहायचं, असा प्रगणकाला नियम आहे. तुमच्याकडे मास्तर येतील, ते स्वतः मालवणीत बोलत येतील आणि विचारता विचारता ‘मराठी’ लिहून मोकळे होतील. तिथे थांबवा. हे कोर्लई-वसईच्या वाचकांनाही लागू आहे. १९७१पासून १० हजारांहून कमी लोकांच्या भाषांची नावंच जनगणनेच्या तक्त्यांत वेगळी छापली जात नाहीत, त्यामुळे लहान समाजांना हा आकडा मिळणार नाही. मालवणीला मिळू शकतो.

बाकी, मालवणीत हसवायला सगळे तयार आहेत. रंगमंचावर, लग्नात, रीलमध्ये. मालवणीत पोराचं गणित घ्यायला कोण तयार आहे? बँकेत मॅनेजरशी कर्जाचं बोलताना तुम्ही स्वतः काय बोलता? ते मला कळवा, मग भाषा की बोली ते बघू.

मी मूळचा घाटावरचा, सातारा जिल्ह्यातला. रोह्याकडच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. निम्म्याहून जास्त मुलं कातकरी. पहिलीत आली की महिनोन्‌महिने गप्प बसतात. कातकरीत काही करावं असं वाटतं, पण पालकांना विचारलं तर म्हणतात, ‘गुरुजी, आमची भाषा नको, मराठीच शिकवा.’ काय करू? – रोहा तालुका

गुरुजी, पालक बरोबर बोलताहेत, आधी हे मान्य करा. सावकार, फॉरेस्टचा गार्ड, तलाठी, दवाखाना: कातकरी माणसाला त्याच्या बोलीवरून हिणवलं गेलं नाही अशी जागा सांगा. त्याला वाटतं, पोराच्या तोंडून ही भाषा गेली तर अपमानही जाईल. त्याच्यापुढे तुम्ही भाषेच्या वैभवावर बोलू नका. शहरातून आलेल्यांनी हे भाषण त्याला आधी दिलेलं असतं.

कोर्लईच्या ताईंशी तुमची तुलना करून बघा. त्यांची माणसं हजाराच्या आसपास. कातकरी २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात पावणेतीन लाखांहून जास्त. त्यामुळे कातकरी बोली धोक्यात आहे असं कुणाला वाटत नाही. पण माणसं मोजणं आणि बोलणारी पोरं मोजणं यात फरक आहे. माडिया गोंड, कोलाम आणि कातकरी या महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमाती, म्हणजे सरकारदरबारी नोंद आहे. घटनेचं कलम ३५०-क सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय राज्याने करावी. हे केंद्रप्रमुखांशी बोलताना उपयोगी पडेल. वाडीवर नको.

वाडीवर एवढंच सांगा, की पोरगं मराठी लवकर शिकावं म्हणून मला सुरुवातीला त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलायचंय, आणि ती मला येत नाही, तर मला शिकवा. याला सहसा नाही म्हणत नाहीत. गुरुजी शिकायला येतात याची मजा वाटते. आणि हे खोटंही नाही. पहिलं वाचन समजणाऱ्या भाषेत झालेलं मूल दुसरी भाषा चांगलं उचलतं, हे जगभर तपासून झालंय. तुम्ही घाटावरचे असल्याचा इथे फायदाच आहे. तुम्हाला काही येत नाही हे सगळ्यांना दिसतं.

संध्याकाळी जा, शाळेच्या सभेत नाही. सभेत पुरुष येतात आणि माना हलवतात. बायकांशी बोला. एखाद्या आईला आठवड्यातून एकदा वर्गात बोलवा, गोष्ट सांगायला, आणि तुम्ही मागच्या बाकावर पोरांबरोबर बसा. माझ्या एका शाळेत गप्प मुलगी म्हणून प्रसिद्ध असलेल्या पोरीला आम्ही नदीवर नेलं, तर मुऱ्यांचे, खेकड्यांचे, काठच्या झाडांचे इतके प्रकार तिने सांगितले की मी वही काढली. मराठीत त्यातल्या निम्म्यांना मी नुसतं ‘मासा’ आणि ‘झाड’ म्हणाले असते. तिथून पुढे ती वर्गातही बोलायला लागली, आधी तिच्या भाषेत, मग माझ्या.

पुस्तिका काढायची घाई करू नका. काढलीत तर मजकूर वाडीचा, चित्रं पोरांची, आणि छापण्याआधी वाडीत मोठ्याने वाचून दाखवायची. कुणी म्हणालं ‘हे छापू नको’ तर नाही छापायचं. बोली कोणत्या कामाला ठेवायची आणि कोणत्या नाही हे ठरवणं त्यांचं काम आहे, तुमचं-माझं नव्हे. कदाचित ते म्हणतील, पहिली-दुसरीपुरती ठीक, पुढे नको. तेही चालेल.

तुमची खरी अडचण कॅलेंडरची आहे. दिवाळी झाली की निम्मी वाडी वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामाला जाते, पोरं बरोबर जातात, आणि पाऊस तोंडावर आल्याशिवाय परत येत नाहीत. तिथे चार गावची, चार भाषांची माणसं. पोरं हिंदी उचलतात. म्हणून जाणाऱ्या घरांत ज्यांच्याकडे फोन आहे त्यांच्या फोनवर वाडीतल्या आजींच्या दहा-बारा गोष्टी भरून द्या, आणि भट्टी कुठली ते लिहून ठेवा, त्या गावच्या शाळेतल्या गुरुजींना आधी फोन करा. पण हे सगळं बोलायची वेळ गणपती ते दिवाळी एवढीच आहे. मुकादम उचल देऊन जातो ती पावसातच, आणि एकदा त्याचा टेम्पो आला की वाडीत बोलायला माणूस राहत नाही. तेव्हा याच आठवड्यात जा.